नाकाची फेरी

हात धरला तिनं माझा. नुसता धरला नाही, मनगट असं आवळलं की काडी खाली पडली, आणि काडेपेटी कुठं उडाली ते नंतर ओट्याखाली झाडताना कळलं. मी आधी चिडलोच. परकी बाई, दोन तासांची ओळख, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझाच हात धरते म्हणजे काय? शेजारच्या खिडकीतनं कुणी बघितलं असतं तर गोपाळवाडी रस्त्याला वर्षभर पुरला असता तो विषय. पण तिचं तोंड बघितलं आणि गप्प झालो. एका हातानं तिनं नाक दाबलं होतं, दुसऱ्या हातानं मला दाराकडं ओढत होती आणि ओरडत होती, "गॅस! गॅस!" मी शेगडीकडं पाहिलं. डावीकडचं बटण अर्धं उघडं. ज्योत नाही. थंडीमुळं खिडकी बंद, मागचं दार बंद, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मी चांगला दोन-तीन मिनिटं उभा राहून कपानं चहाचं पाणी मोजत होतो, साखरेचा डबा हुडकत होतो. काडी पेटीला टेकवली होती. ओढली असती की संपलं. मी, ती, आणि ओसरीत उन्हाला बसलेले आबा, माझे वडील, तिघंही. मी बटण फिरवलं, रेग्युलेटर बंद केला, दार उघडलं, खिडकीची कडी काढली. हात सगळं बरोबर करत होते. कंपनीत बारा वर्षं हेच तर घोटून घेतलंय. मग मी तिच्याकडं वळलो, नाक वाकडं केलं आणि म्हणालो, "व्हेरी बॅड स्मेल." ती माझ्याकडं बघत राहिली. मला तिच्या बघण्याचा रागच आला.

टेसा तिचं नाव. न्यूझीलंडची. मी रात्रपाळी करून कुरकुंभहून कंपनीच्या बसनं सकाळी सातला स्टेशनाशी उतरलो, तर चहाच्या टपरीपाशी ही उभी. पाठीवर तिच्याएवढंच गाठोडं, केसांची जट, पायांत पुरुषी बूट. मनमाडकडनं आली होती, वेरूळची लेणी बघून. जायचं होतं हंपीला. पुढची गाडी सहा तास लेट, कुर्डुवाडीपुढं मालगाडीचे डबे घसरले म्हणून. दौंडला कुणी येत नाही, दौंडला गाडी बदलतात. आम्ही इथं राहतो ह्याचंच कधीकधी नवल वाटतं. तिनं मला विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे? आता काय सांगणार? मी म्हणालो, "धिस इज जंक्शन." ती हसली, मग म्हणाली, कुठं अंघोळ करता येईल का? टपरीवाला माझ्याकडं बघून डोळा मिचकावत होता. एवढ्यावरच मी म्हणालो, चला घरी. डोळा मिचकावला नसता तर कदाचित म्हणालोही नसतो. पण आमच्यात वाटसरूला पाणी न विचारता पुढं जाऊ देणं पाप मानतात. आबा म्हणायचे, आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली, कुणाच्या विहिरीचं प्यालो, कुणाच्या लिंबाखाली निजलो. आपल्या दारात कुणी उभं राहिलं तर कोण कुठला असं इचारायला आपल्याला तोंडच न्हाई. घरी आलो तर माझी बायको सुषमा दळण घेऊन गिरणीला निघालेली, आमची पोरगी धनू तिच्या पदराला. टेसाकडं वर-खाली बघून म्हणाली, "पोरीला कडक पाणी द्या. मी आलेच." मी बंबाचं पाणी काढून दिलं. तेवढ्या वेळात हे झालं.

आबा भिंतीला धरत आत आले. अंगावर घोंगडी. "काय झालं रं?"

"काही नाही. शेगडी चालू राहिली होती."

"चालू कशी? मी आत्ताच दूध ऊन केलं, बारीक जाळावर. मग इझवली की." कशी विझवली ते त्यांनी गाल फुगवून करून दाखवलं. फूः. पंचाहत्तर वर्षं चूल, कंदील, चिमणी, सगळं फुंकून विझवलेला माणूस. त्याला बटणाचं काय सांगणार? सुषमा असली की शेगडीपाशी फिरकू देत नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच उतरला. "मी घर जाळलं असतं व्हय रं, संपत?"

"नाही हो आबा. झालं का काही? बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. दोनदा नाक ओढून हुंगलं त्यांनी. "आन् तू हितंच हुता? तुला वास न्हाई आला?"

"सर्दी झालीया, आबा."

टेसा दारातच उभी होती. तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी मला वाटलं, हिला कळलं.

सर्दी. साडेचार वर्षांची सर्दी म्हणायची ही. नाक कुठल्या दिवशी गेलं ते मला सांगता येणार नाही. पैसा हरवला की माणसाला लगेच कळतं. हे असं गेलं की मला महिनाभर पत्ता नव्हता. शहाण्णवच्या पावसाळ्यात खरंच सर्दी झाली होती, ती गेली, आणि मग एकदा सुषमानं मोगऱ्याचा गजरा आणायला सांगितला, मी तो बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, आणि शेजारचा म्हणाला, काय घमघमाट सुटलाय राव! मी गजरा नाकाला लावला. काही नाही. ओला कागद लावावा तसं. त्या दिवशी बस कुरकुंभच्या फाट्यावरनं दौंडात येईपर्यंत मी खिशातलं सगळं हुंगून बघितलं: तंबाखू, रुमाल, डब्याची पिशवी. घरी आलो आणि गजरा देताना म्हणालो, "काय घमघमाट सुटलाय." तिथनं खोटं चालू झालं. सुषमाला तेव्हा चौथा महिना होता. तिला कशाला घाबरवा, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मी पर्मनंट होऊन दीडच वर्ष झालं होतं. नाक नसलेला ऑपरेटर ठेवतील कशाला? गेटवर उभा करतील नाहीतर घरी बसवतील.

कारण आमच्या प्लांटवर शिफ्ट बदलताना नाकाची फेरी असते. नाव आम्हीच पाडलंय, कागदावर त्याला भलतंच लांबलचक इंग्रजी आहे. पाइप जुने, जोड जुने. मीटर जे सांगत नाही ते नाक सांगतं. दोघांनी मिळून तिन्ही मजले चढायचे, एकेका जोडापाशी वाकायचं, हुंगायचं, आणि वास नाही असं लिहून सह्या करायच्या. माझ्या सहीशेजारी सही सावळारामची. सावळाराम माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दौंडचाच, प्लांट उभा राहिला तेव्हापासनंचा गडी. अमोनिया असला तर मला कळतो, डोळ्यांना झोंबतो. ॲसिडची वाफ घशाला लागते. पण टोल्यूइन असं ओरडून सांगत नाही. ते गोड वासाचं, गुपचूप येणारं, आणि एका ठिणगीनं भडकणारं. त्याच्यासाठी मी सावळारामचं तोंड वापरायचो. तो वाकला की वाकायचो. त्यानं कपाळाला आठी घातली की मी घालायचो. तो जोडापाशी थांबला की मी म्हणायचो, "आहे ना जरासा?" आणि तो म्हणायचा, "हाय की." मग आम्ही बोल्ट आवळायचो. साडेचार वर्षं हे असं चाललं होतं आणि काही झालं नव्हतं. काही झालं नाही की माणसाला वाटायला लागतं, आपण काही करतच नाही आहोत. एका पाळीला अकरा माणसं असतात वर-खाली. त्यांची तोंडं मला सगळी पाठ आहेत. आणि सोमवारपासनं सावळाराम आठ दिवस रजेवर जाणार होता, त्याच्या लेकीचा साखरपुडा. त्याच्या जागी बदलीचा माणूस, ज्याला सगळे जोड मी दाखवायचे. हे मला गेला आठवडाभर झोपू देत नव्हतं. पण झोप न येणं वेगळं आणि मनगट धरलं जाणं वेगळं.

गंमत बघा, लहानपणी मी देवाकडं हेच मागितलं होतं. आमचं गाव शिरूरकडं, म्हणजे घोडनदीकडं. आम्ही शिरूर म्हणतच नाही. घरात दीडशे मेंढरं. मी त्यांच्यात वाढलो, पावसाळ्यात त्यांच्यामधे घुसून निजलो. ओल्या लोकरीचा वास असा असतो की तो अंगात मुरतो, अंगावर राहत नाही. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. 'लेंड्या' म्हणायचे मला. मी नदीवर जाऊन विटकरीनं अंग घासायचो, रक्त येईस्तोवर. म्हणायचो, देवा बिरोबा, एवढा वास तेवढा घालव. पुढं चराई राहिली नाही, मी आयटीआय करून नोकरीला लागलो, आणि आबांनी घोडनदीच्या बाजारात सगळी मेंढरं विकली. मी बरोबर होतो. शेवटची मेंढी टेंपोत चढवली तेव्हा आबांनी तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मला लाज वाटली. लोक बघत होते हो. मनात म्हणालो, सुटलो एकदाचा. आज ते आठवलं की वाटतं, त्या एवढ्याशा पोराला आणि त्या टेंपोशी उभ्या असलेल्या शहाण्याला, दोघांनाही एकेक ठेवून द्यावी.

सुषमा गिरणीवरनं आली, केसांवर पीठ, कडेवर डबा, मागं धनू. तिला मी एवढंच सांगितलं की आबांच्या हातनं बटण राहिलं, वास टेसाला आला. आबांना ती एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "आन् तुम्ही काय करत हुता? समोर उभं राहून कळंना व्हय?" मग टेसाच्या पाठीवरनं हात फिरवला आणि भाकरी थापायला बसली. "कुणाची कोण, एवढ्या लांब आईबापाला सोडून हिंडतीय. देवानंच धाडली." टेसा मांडी घालून जेवली. ठेचा जिभेवर ठेवून डोळ्यांतनं पाणी काढलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतला. धनू तिच्या केसांच्या जटा मोजत बसली. आबा मान खाली घालून नुसती भाकरी मोडत होते. मी त्यांचं मन दुसरीकडं वळवावं म्हणून सांगितलं की हिच्या बापाची मेंढरं आहेत. किती? चार हजार.

"थापा मारती," आबा म्हणाले. पण मान वर केली. "इचार तिला. मेंढी व्याली आन् तिचं पिलू मेलं. दुसरीकडं मेंढी मेली आन् पिलू जितं हाय. मंग काय करायचं?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. टेसानं भाकरी खाली ठेवली, हात पुसले, आणि हातवारे करून दाखवलं: मेलेल्या पिलाचं कातडं सोलायचं, जित्या पोरक्याच्या अंगावर सदऱ्यासारखं बांधायचं, मग मेंढीपुढं सोडायचं. ती हुंगते. आपलंच समजून पाजते. दोन दिवसांनी कातडं काढून टाकायचं. आबा ऐकता ऐकता पुढं सरकले होते. "बराबर," ते म्हणाले. "आम्ही तिचंच दूध पिलाच्या शेपटीला चोळायचो. ती शेपटीकडनंच हुंगती. सांग तिला." मी सांगितलं. टेसा मान हलवत हसायला लागली. आबाही हसले, त्या सकाळी पहिल्यांदा. आणि मग सहज म्हणाले, मला उद्देशून नाही, कुणालाच नाही, "डोळ्यानं काय व्हतंय? मेंढी नाकानं आई व्हती." घास माझ्या तोंडात तसाच राहिला. समोर धनू बसली होती. चार वर्षांची होईल आता माघात. तिच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्यात तिला उचललं, सगळे बाप करतात तसं टाळूला नाक लावलं, डोळे मिटले. तिथं काहीही नव्हतं. गरम होतं, मऊ होतं, हलत होतं. बायका विचारत होत्या, "कसा वास येतो नाई बाळाचा?" आणि मी म्हणालो, "झकास." मला पोरगी आवडते, जीव आहे माझा तिच्यावर. पण आतून कुठंतरी मला कायम भीती वाटत आलीय की बाप होण्यातली एक पायरी माझी राहून गेलीय, आणि ते एक दिवस तिला कळेल.

दीडची गाडी म्हणून मी टेसाला पोचवायला गेलो. झोप नसल्यानं डोक्यात मुंग्या येत होत्या. फलाटावर ऊन होतं तरी ती थरथरत होती. मला वाटलं, ताप आला. मी चहा घेऊन दिला. निम्मा तिच्या बुटावर सांडला. मग तिनं मला विचारलं, सरळ, डोळ्यांत बघून: तुला वास येत नाही, ना? मी हसलो. "सर्दी." ती म्हणाली, नाही. मग मी ते म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. "नो स्मेल. फोर इयर्स." एवढं सोपं होतं ते. परक्या भाषेत, परक्या बाईला, जिची गाडी दहा मिनिटांत सुटणार. घरी माहीत आहे? नो. कंपनीत? नो. तुझं काम काय आहे? मी सांगितलं, केमिकल, सॉल्व्हंट, रिॲक्टर. आणि मला वाटलं होतं की ती आता कळवळेल, खांद्यावर हात ठेवेल. कसलं काय! ती भडकली. सुषमाच्या हातची भाकरी खाऊन गेलेली बाई मला भर फलाटावर झापायला लागली. अर्धं मला कळलं नाही, पण जे कळलं ते असं होतं: तू ती काडी ओढणार होतास. मी आत होते. तुझा म्हातारा बाप बाहेर होता. मला मरायचं नव्हतं. मला अजून मरायचं नाही! लोक थांबून बघत होते. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते ठेच्याचं नव्हतं. सकाळपासनं मी तिला शूर समजत होतो. ती पाच तास भीती गिळून माझ्या घरात बसली होती, आबांशी मेंढरांचं बोलली होती. मी म्हणालो, "सॉरी." दुसरं काय म्हणणार? गाडी आली. मी तिचं ओझं डब्यात चढवलं. ती खिडकीशी बसली, गजांतनं हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं, तेच, आणि म्हणाली, "टेल देम. टुडे." गाडी हलेस्तोवर धरून ठेवलं.

ती गेली, आणि माझी गोष्ट जाणणारं एकच माणूस दौंडातनं गेलं. फलाटावर मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो. घरी जायला पाय उचलेना. आधी सावळाराम, असं ठरवलं. त्याच्या जिवावर मी इतकी वर्षं काढली, त्याच्या पाया पडावं आणि सांगून टाकावं. तो रेल्वेपलीकडं चाळीत राहतो. तो नुकता उठला होता, बनियनवर, साखरपुड्याच्या पत्रिकांवर हळदीकुंकू लावत. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं पाणी दिलं आणि ती मागं धुणं वाळत घालायला गेली. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. गजरा, फेरी, त्याचं तोंड, सकाळची काडी. "सावळारामदादा, मी तुझ्या नाकावर जगलो. मला माफ कर."

सावळारामचं बोट कुंकवातच राहिलं. मागं तानुबाई कपडे झटकत होती, ते ऐकू येत होतं.

"माझ्या नाकावर?" तो म्हणाला.

"होय."

"आरं लेका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "माझं नाक तर तुझ्याबी आधी गेलंय. त्र्याण्णवला. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो!"

मला कळलंच नाही. तो सांगत राहिला: मला वाटलं, धनगराचं पोर, मेंढरांत वाढलेलं. ह्याच्यासारखं नाक तालुक्यात कुणाचं असणार? तू वाकलास की मी वाकायचो. तू 'जरासा हाय ना' म्हणलास की मी 'हाय' म्हणायचो. "मी म्हणायचो, कारण तू थांबायचास," मी म्हणालो. "मी थांबायचो, कारण तू सावकाश व्हायचास," तो म्हणाला. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि देवाशपथ सांगतो, आम्हाला हसू फुटलं. दोन आंधळे एकमेकाचं बोट धरून साडेचार वर्षं विहिरीच्या काठानं चालले होते. पोट धरून हसलो. तानुबाई डोकावून गेली. मग सावळाराम एकदम थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "संपत," तो म्हणाला, "म्हंजी कुणीच हुंगत नव्हतं." आम्ही दोघं सोडून पाळीतली नऊ माणसं. त्यांतले दोघं तर त्याच्याच गल्लीतले. त्यानं पत्रिकांकडं बघितलं. सोमवार. सोयऱ्यांच्या कानावर गेलं की पोरीचा बाप कामावरनं काढला, तर? तोंडानं त्यानं तेच म्हटलं, "आठ दिस थांबता येतंय का रं?" माझ्या मनात होतं की थांबावं. खोटं कशाला बोलू, होतंच. त्यानं पत्रिका एकावर एक ठेवल्या, सारख्या केल्या. "आज रातच्याला कोण हाय ड्यूटीला?"

"आपणच."

"मग न्हाई थांबता येत," तो म्हणाला. "साहेब पाचला घरी असत्यात. मी लुना घिऊन येतो."

घरी आलो तर सुषमा तांदूळ निवडत होती. धनू उंबऱ्यावर खडूनं रेघोट्या मारत होती. आबा घोंगडीत डोळे मिटून. मी सुषमापुढं बसलो आणि सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तरी हे सगळ्यात अवघड गेलं. ती ऐकत होती, हात चालू होते. नोकरी जाईल म्हणालो, हात चालू. अकरा माणसं म्हणालो, तेव्हा थांबले. मग तिनं जे विचारलं ते मी जन्मात कल्पिलं नसतं.

"म्हंजी ती आमटी?"

"कुठली आमटी?"

"धनूच्या वक्ताला. सातव्या महिन्यात. माझ्या हातनं करपून कोळसा झाली हुती. तुम्ही दोन वाट्या खाल्ल्या आन् झकास म्हणाला." तिचे ओठ हलायला लागले. "मी आईला सांगितलं. बहिणीला सांगितलं. अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझ्या नवऱ्यानं करपलेली आमटी गोड मानून खाल्ली. तवापासनं मी... आन् तुम्हाला ठाऊकच नव्हतं!"

सूप बाजूला सारून ती रडायला लागली. गॅसला नाही, नोकरीला नाही, आमटीला रडली. मी म्हणालो, कळलं असतं तरी खाल्ली असती गं. "आता म्हणा काहीबी!" ती म्हणाली. पण मी खरं सांगत होतो. मला त्या आमटीची आठवणही नव्हती आणि तरी मी खरं सांगत होतो. मग तिनं पदरानं नाक पुसलं. "मेंढरं गेली तवा आबा मेले का? जगलो की आपण. नोकरीचं बघू." आणि नंतर अगदी हळू, "आन् धनूचा? धनूचाबी न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कितीतरी वेळा काहीतरी सांगायला तोंड उघडलं तिनं. "तिच्या टाळूला ना... ती निजून उठली की..." आणि मिटलं. शेवटी वैतागून म्हणाली, "वास काय सांगता येतोय व्हय!"

धनूनं खडू टाकला होता. "पप्पांना वास येत नाही?" ती उठून आली. तिला ते पटेना. कांदा आणून माझ्या नाकाला लावला. साबण आणला. तिची चप्पल आणली, तेव्हा सुषमा रडता रडता हसली. मग धनू माझ्या मांडीवर गुडघे टेकून उभी राहिली, तपासनीसासारखी. "मग तुम्हाला तुमचा वास पण येत नाही?"

"नाही. मला कसला येतो गं?"

"कंपनीचा," ती म्हणाली. "म्हणून मी तुमच्याजवळ नाही झोपत."

"धने!" सुषमा ओरडली. मी हातानं तिला गप्प केलं. खरंच, ही पोर माझ्याजवळ कधी निजलीच नव्हती. रात्री मधेच उठून आईकडं जायची, नाहीतर आबांच्या घोंगडीत शिरायची. मी समजत होतो, सगळीच पोरं आईवेडी असतात. मी दोनदा अंघोळ करायचो, घासून. मला काय ठाऊक, काय निघालं आणि काय राहिलं? बाहेर सावळारामची लुना येऊन थांबली. त्यानं हॉर्न दिला.

"कुठं येतो कंपनीचा? दाखव."

तिनं माझे हात हुंगले. "इथं येतो." केस ओढून हुंगले. "इथं पण." गळा, सदरा, काख, "ईऽ, इथं लई!" मग माझा कान धरून पुढं ओढला आणि त्याच्यामागं नाक खुपसलं. तिथं थांबली. तिचा श्वास गरम लागत होता. मी हललो नाही. "इथं नाही येत," ती म्हणाली.

"मग इथं कसला येतो?"

"इथं तुमचा येतो."

सावळारामनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. "आलो," मी ओरडलो, पण उठलो नाही. धनू अजून कान धरून होती. "आज रात्री घरी आहे तुम्ही?"

मी सुषमाकडं बघितलं. तिनं मान डोलावली.

"आहे," मी म्हणालो. "आजपासनं घरीच."

"मग मी ह्या बाजूनं झोपीन," धनू म्हणाली आणि कान सोडला.